मिनरल की केमिकल? नाजूक त्वचेसाठी सनस्क्रीन निवडताना

दाढी केली की गाल लाल, साबण बदलला की पुरळ, अशी त्वचा असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एसपीएफचं गणित तुम्हाला ठाऊक असेलच. मिनरल म्हणजे झिंक ऑक्साइडसारखं खनिज असलेलं, आणि केमिकल म्हणजे ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रायलिन, ॲव्होबेन्झोन अशी ऊन अडवणारी रसायनं (फिल्टर) असलेलं. दोन्ही प्रकारांत ५० मिळतं, त्यामुळे निवड त्या आकड्यावर ठरत नाही.

मिनरल ऊन परतवतं आणि केमिकल शोषतं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात झिंक ऑक्साइडसुद्धा अतिनील किरण बहुतांशी शोषूनच घेतं. खरा फरक आहे तो त्वचेला काय सोसतं यात. झिंकची ॲलर्जी क्वचितच होते. उलट ऑक्सिबेन्झोन ज्या गटातलं, त्या बेन्झोफेनोन्सना अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१४ साली ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. गुडघ्याला किटोप्रोफेन या वेदनाशामकाचं जेल लावून उन्हात पुरळ उठलं असेल, तर ऑक्टोक्रायलिनपासूनही जपून राहावं.

वापरायला मात्र केमिकल सुखाचं, हे मान्य. लावलं की जिरतं. झिंक लावून निघालो की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. भुवयांत आणि दाढीच्या खुंटांत ते हमखास अडकतं. सावळ्या रंगावर तर फारच उठून दिसतं. मग हात आपोआप आखडतो, आणि तोटा तिथेच होतो. डबीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. कमी लावलं तर संरक्षणही कमी.

एवढं असूनही मी झिंककडे वळलो ते डोळ्यांमुळे. एप्रिलच्या उन्हात स्कूटर, वर हेल्मेट. कपाळावरचा घाम सनस्क्रीन घेऊन खाली उतरतो आणि ॲव्होबेन्झोनवाली क्रीम अशी काही झोंबते की चालू गाडीवर डोळा उघडा ठेवता येत नाही. सिग्नलला काच वर करून रुमालाने पुसावं, तर ती आणखी पसरते. ‘डोळ्यांभोवती लावू नका’ हा सल्ला मी पाळत होतोच, पण घामाला कोण सांगणार? झिंक लावल्यावर डोळ्यांत चुरचुरतो तो निव्वळ घाम. कदाचित माझेच डोळे जास्त हळवे असतील.

शिवाय ॲव्होबेन्झोनचे पिवळट डाग पांढऱ्या कॉलरवर बसतात, आणि बोअरच्या पाण्यात लोह असेल तर धुतल्यावर ते तांबूस होतात.

पांढरेपणाला उतारा म्हणजे टिंटेड, म्हणजे त्वचेसारखी छटा दिलेलं झिंक. त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं, त्यामुळे वांग असणाऱ्यांना त्याचा दुहेरी फायदा. किंमत जरा जास्त पडते, आणि छटा आपल्या रंगाशी जुळेलच असं नाही. ती जुळलीच नाही तर बेमोट्रिझिनॉलसारखे नवे फिल्टर असलेलं केमिकल बघा. मला ते बरंच कमी झोंबलं.

दिवसभर एसीत बसणाऱ्याने केमिकल घेतलं तर मी वाद घालणार नाही. पण दुचाकीवर फिरत असाल, तर आधी टिंटेड झिंकची लहानशी ट्यूब घ्या आणि चेहऱ्यावर जाण्याआधी काही दिवस जबड्याखाली लावून बघा.