एनसी की एसए? पहिला फोटो टाकण्याआधी

फोटोग्राफी किंवा चित्रकला शिकणारी मुलं भेटली की हल्ली हटकून एक प्रश्न येतो. आपलं काम मुक्त परवान्याखाली ठेवायचं ठरलं आहे, सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरावीक अटींवर आपलं काम कुणालाही वापरू देणारे तयार परवाने) म्हणजे काय तेही वाचून झालं आहे, पण बाय-एनसी (नाव द्या, व्यापारी वापर नको) घ्यायचा की बाय-एसए (नाव द्या, बदल करून वाटलंत तर याच परवान्याखाली वाटा)? परवाने सहा असले तरी गाडी अडते ती या दोघांपाशीच. मी दोन्ही वापरले आहेत. आधी चार वर्षं एनसी, नंतर एसए.

एनसीकडे मन का ओढतं ते मला ठाऊक आहे. पहाटे अंधारात घाट चढायचा, धुकं विरेपर्यंत ताटकळायचं आणि त्या फोटोवर भलत्याच माणसानं पैसे करायचे, हे पटत नाही. ‘वापरा, शिकवा, फक्त विकू नका’ ही अट न्याय्य वाटते. मीही ती त्याच भावनेनं लावली होती, आणि तिच्यात काही चूक होती असं आजही म्हणणार नाही.

मग कारवीचं प्रकरण झालं. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. त्या बहराचा माझा एक फोटो एका प्राथमिक शाळेतल्या बाईंना आवडला. परिसरातल्या झाडांवर मुलांसाठी त्या एक पुस्तिका काढत होत्या. दोनशे प्रती, किंमत वीस रुपये, छपाईचा खर्च निघावा म्हणून. मलपृष्ठावर गावातल्या किराणा दुकानाची जाहिरात. बाईंनी परवाना नीट वाचला आणि मला विचारलं: सर, वीस रुपये घेतले तर चालेल का? आणि जाहिरातीचं काय?

मी तेव्हा दहा दिवस रेंज नसलेल्या भागात होतो. परत येऊन निरोप वाचला तोवर पुस्तिका छापून झाली होती. बाईंनी आठवणीनं एक प्रत पाठवली. कारवीच्या पानावर फोटोची चौकट रिकामी होती आणि खाली ओळ होती, ‘हिची फुलं जांभळी असतात.’

ती चौकट मला फार लागली. पण खरी अडचण पुढेच होती. वेळेवर निरोप मिळाला असता, तरी मी उत्तर काय दिलं असतं? परवान्यातल्या व्याख्येप्रमाणे वापर ‘मुख्यतः’ व्यापारी फायद्यासाठी किंवा पैशासाठी नसावा. बाईंची पुस्तिका त्यात बहुधा बसते. पण ‘बहुधा’च्या भरवशावर शाळेतली शिक्षिका छापायला धजत नाही, आणि तिनं धजावं अशी अपेक्षाही नको. हा संभ्रम आपल्यापुरताच नाही. जर्मनीत एका सार्वजनिक रेडिओनं एनसी परवान्याचा फोटो आपल्या संकेतस्थळावर वापरला, तर २०१४ मध्ये कोलोनच्या खालच्या न्यायालयानं एनसी म्हणजे निव्वळ खाजगी वापर असा अर्थ लावला आणि त्याच वर्षी वरच्या न्यायालयानं तो फिरवला. अमेरिकेत शाळांसाठी एनसी परवान्याचं गणिताचं साहित्य झेरॉक्स करून देणाऱ्या दुकानाचा धंदा व्यापारी ठरतो का, हा वाद अपील न्यायालयापर्यंत गेला. २०१८ मध्ये निकाल दुकानाच्या बाजूनं लागला, पण तिथवर जावं लागलंच ना.

माझ्या अनुभवात, जो विचारतच नाही त्याला एनसी अडवत नाही. व्हॉट्सॲपवर नाव कापून फिरणारे माझे फोटो एनसीच्या काळातही फिरतच होते. अडली ती परवाना वाचणारी बाई.

दुसरी गोष्ट विकिपीडियाची. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, आणि आपल्या झाडांच्या, गावांच्या, कारागिरीच्या कितीतरी लेखांना चांगल्या चित्रांची गरज आहे. तिथली चित्रं ज्या कॉमन्सवर साठवतात, तिथे एनसी आणि एनडी (बदल करून वाटू नका) दोन्ही चालत नाहीत. एसए चालतो.

एसएचं दुखणंही सांगायला हवं. माझा एक फोटो एका दिनदर्शिकेवर छापून आला. खाली बारीक अक्षरांत नाव आणि परवाना, सगळं नियमाप्रमाणे. मला पैसा मिळाला नाही, आणि वाईट वाटलं. अनेकांना वाटतं की एसएमुळे अख्खी दिनदर्शिका मुक्त होते, तसं नाही. फोटोत बदल करून नवं काही केलं, तर त्या नव्या चित्राला तोच परवाना लागतो, एवढंच. नाव गाळलं तर मात्र परवाना आपोआप संपतो, परवान्याच्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो पुन्हा लागू होतो. वर्तमानपत्रांशी बोलताना मला या कलमाचा उपयोग झाला आहे.

आणखी एक बाब एनसीच्या बाजूनं जाते. दिलेला परवाना परत घेता येत नाही. एनसीवरून पुढे एसएवर येता येतं, पण एसएखाली ज्यांच्या हाती काम गेलं त्यांचा हक्क तुम्ही नंतर काढू शकत नाही. मन डळमळत असेल, तर एनसीनं सुरुवात केलेली बरी, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. चित्रं विकून फी भरणाऱ्या मुलीला मी तर म्हणेन, विकायचं काम पूर्ण राखीवच ठेव. प्रताधिकार (कॉपीराइट) आपल्याकडे आपोआप मिळतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण जे वाटायचंच आहे, ते मोकळ्या हातानं वाटावं. (माणसांचे चेहरे असतील तर त्यांची परवानगी वेगळी घ्या, ती कुठल्याच परवान्यात येत नाही.)

कारवीचा तो फोटो मी त्याच आठवड्यात एसएवर आणला आणि कॉमन्सवर चढवला. दोन वर्षांनी बाईंच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही. चौकटीत फोटो होता, आणि खाली माझं नाव, परवाना आणि दुवा, तिन्ही बिनचूक.