वरचा हात कापलेला चेन गाईड

दोन चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकत्यांच्या) माउंटन बाइकसाठी चेन गाईड, म्हणजे चेन उतरू नये म्हणून तिला जागेवर धरणारा भाग, घेताना माझी फसवणूक झाली. ती विक्रेत्याच्या लबाडीइतकीच माझ्या अर्धवट माहितीमुळेही झाली, म्हणून तपशिलात सांगतो. माझ्या सायकलला पुढे २४ आणि ३६ दातांच्या दोन चेनरिंग आहेत. दगडधोंड्यांच्या उतारावर चेन वारंवार उतरत असे, म्हणून मी वापरलेले सुटे भाग विकणाऱ्या एकाकडून ‘दोन चेनरिंगसाठी’ असे वर्णन असलेला गाईड घ्यायचे ठरवले.

जोडणीच्या मापाची चौकशी मी अगदी काटेकोरपणे केली. गाईड फ्रेमवर बसवण्याच्या जुन्या आयएससीजी या मानक पद्धतीत बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळ ४७ मिलिमीटरचे असते आणि आयएससीजी-०५ मध्ये ते ५६ मिलिमीटरचे, त्यामुळे एकाची प्लेट (गाईडचा फ्रेमवर बसणारा भाग) दुसऱ्यावर सरळ बसत नाही. माझी फ्रेम ०५ ची आहे. विक्रेत्याने मोजपट्टी लावून फोटो पाठवला, माप बरोबर निघाले, आणि जो माणूस मापाबाबत इतका चोख आहे तो बाकीच्या बाबतीत खोटे बोलणार नाही, असे मी गृहीत धरले. ‘३६ दातांची रिंग बसेल ना?’ या प्रश्नालाही त्याने ‘बसेल’ असेच उत्तर दिले, आणि ते उत्तर शब्दशः खरे होते.

एका चेनरिंगचा गाईड चेनला वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी धरतो. वरच्या अरुंद खाचेमुळे चेनला बाजूला सरकायला वावच राहत नाही. पुढे दोन रिंग असल्या की फ्रंट डिरेल्युअरला (पुढचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) चेन एकीवरून दुसरीवर ढकलावी लागते, म्हणून अशा गाईडला वरची खाच नसते. वरची बाजू बऱ्याच अंशी, चेन ज्यातून जाते तो डिरेल्युअरचा पिंजराच सांभाळतो आणि गाईडकडे खालचा रोलर (चेनला धरणारे छोटे चाक) तेवढा राहतो. मात्र तो रोलर दोन्ही रिंगांच्या रेषांना पुरेल इतका रुंद असावा लागतो. वरची खाच नसते, नेमका याचाच फायदा विक्रेत्याने घेतला होता. एका रिंगच्या गाईडचा खाच असलेला वरचा हात करवतीने कापून, कड घासून आणि वर काळा रंग फासून त्याने तो दोन रिंगांचा म्हणून माझ्या गळ्यात मारला.

मोठ्या रिंगवर सारे सुरळीत चालले, त्यामुळे पहिल्या दिवशी मला काही कळले नाही. चढावर लहान रिंग घेतली तेव्हा चेन आतल्या बाजूने रोलरच्या उंच कडेवर चढली, करकर आवाज सुरू झाला आणि थोड्याच अंतरावर चेन अशी अडकली की मला खाली उतरावे लागले. सुरुवातीला मी डिरेल्युअरलाच दोष देत त्याचे स्क्रू फिरवत बसलो, हे कबूल करायला हवे. प्लेट खोलून तिच्या वरच्या कडेवर नख ओढले तेव्हा रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली करवतीचे आडवे ओरखडे दिसले. बाकीच्या प्लेटवरचा मूळ ॲनोडाइज केलेला थर मात्र नखाने हलतही नव्हता.

विक्रेत्याला विचारले तेव्हा ‘तुम्ही माप विचारलेत, ते मी बरोबर दिले’ एवढेच तो म्हणाला आणि पुढे त्याने उत्तर देणे बंद केले. पैसे परत मिळाले नाहीत. वापरलेला गाईड घेणार असाल, तर मापाच्या फोटोबरोबर रोलरचा समोरून काढलेला, त्याची रुंदी दिसेल असा फोटो मागवा, प्लेटच्या सगळ्या कडा जवळून दाखवायला सांगा, आणि ‘३६ बसेल का’ असे न विचारता ‘२४ वर असताना चेन रोलरच्या कडेला घासते का’ असे विचारा.

त्याच्या जाहिरातीतला फोटो मी नंतर पुन्हा उघडून पाहिला. रोलर, बोल्ट, छिद्रे सारे त्यात स्वच्छ दिसते; प्लेटची वरची कड तेवढी चौकटीबाहेर राहिली आहे.