सीडी३ अँटिबॉडीच्या नावाखाली ३१,५०० रुपयांना फसले

मी पुण्यात पीएचडी करते. संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तातल्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे लेझरने एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, मोजते. त्यासाठी टी-पेशींवरच्या सीडी३ या प्रथिनाला चिकटणारी, पीई हा चमकणारा रंग लावलेली अँटिबॉडी लागते. १०० टेस्टच्या बाटलीचं अधिकृत वितरकाचं कोटेशन होतं ४६,०२० रुपये, आणि माल सहा आठवड्यांनी. मार्च संपत आला होता, ग्रँट लॅप्स होणार होती. तेवढ्यात एका सप्लायरने तीच बाटली ३१,५०० ला, चार दिवसांत देतो म्हणून सांगितलं. संस्था आगाऊ पैसे देत नाही, म्हणून मी स्वतःच्या खात्यातून १५,७५० आधी आणि १५,७५० माल आल्यावर यूपीआयने भरले. हा हावरटपणा नव्हता. मार्चअखेरीला पदरचे पैसे घालून काम पुढे रेटावं लागतं, हे लॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा.

बाटली हातात घेतली तो क्षण डोक्यातून जात नाही. लेबलवर क्लोन (अँटिबॉडीचा वाण) यूसीएचटी१, आणि खालच्याच ओळीत अँटिबॉडीचा प्रकार आयजीजी२ए. यूसीएचटी१ ही उंदराची आयजीजी१ आहे, आयजीजी२ए असते ती ओकेटी३, सीडी३चाच दुसरा क्लोन. म्हणजे लेबलच चुकीचं. आयसोटाइप कंट्रोल (तुलनेसाठी लावायची त्याच प्रकारची, पण सीडी३ला न चिकटणारी अँटिबॉडी) आयजीजी१चाच मागवायचा, हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. लेबलचा एक कोपरा सुटला होता, खाली दुसऱ्या लेबलची निळी कड दिसत होती. मी तो कोपरा अंगठ्याने दाबून बसवला आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली. दिसत होतं आणि मी दाबून टाकलं! वर ती आली होती ड्राय आइसमध्ये, गोठून. पीई गोठवायची नसते, हे एमएस्सीच्या मुलांना मीच बजावते.

निरोगी माणसाच्या लिम्फोसाइट्समध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, टी-पेशी त्यातल्याच) साधारण ६० ते ८० टक्के पेशी सीडी३ पॉझिटिव्ह असतात. मला दिसल्या ४ टक्के. तीन आठवडे मी लेझर, कंपेन्सेशन (रंगांची सरमिसळ वजा करायचं गणित), स्वतःचा हात, सगळ्यांवर संशय घेतला, बाटली सोडून. जुनी बाटली संपेपर्यंत थांबू नका, नवी आली की दोन्ही एकाच रक्तावर लावून बघा. माझी संपली होती. त्या तीन आठवड्यांत सहा रुग्णांचे औषध सुरू होण्याआधीचे नमुने वाया गेले. ते आता पुन्हा मिळणार नाहीत. त्यातल्या एका मावशींनी सुजलेल्या बोटांत पेन कसंबसं धरून संमतीपत्रावर सही केली होती.

शेवटी लेबलवर नाव असलेल्या कंपनीला बाटलीचा लॉट नंबर कळवला. असा लॉट आम्ही काढलेलाच नाही, आणि माल अधिकृत वितरकाचा नसल्याने आमचा संबंध नाही, असं उत्तर आलं. पैसे देण्याआधी लॉट नंबर कंपनीकडून तपासून घ्या, ईमेलने, फोनवर नको. पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि विचारलं, "मॅडम, माल मिळालाय ना? मग हा दिवाणी वाद." अँटिबॉडी म्हणजे काय हे तिघांना समजावलं, चौथ्याने इंजेक्शनची तक्रार म्हणून लिहून घेतलं. ऑनलाइन तक्रार केली, तर तुमच्या ठाण्यात जा म्हणाले. ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाले, खरेदी संस्थेसाठी आणि पैसे तुमचे, आधी तुम्ही ग्राहक आहात हेच सिद्ध करावं लागेल. आमच्या अकाउंट्सने बिल परत पाठवलं, शेरा मारला: "माल सदोष, प्रतिपूर्ती नाही." म्हणजे ३१,५०० माझेच गेले. माझी फेलोशिपही दोन महिने आलेली नाही.

वैयक्तिक खात्यावर पैसे मागणाऱ्याकडून रीएजंट (प्रयोगाला लागणारी रसायनं, अँटिबॉडी) घेऊ नका, कितीही घाई असो.

यूसीएचटी१ आणि आयजीजी२ए एकत्र छापलेली बाटली कुणाकडे असेल तर फेकू नका, मला कळवा. एकटीची तक्रार कुणी घेत नाही, तिघी-चौघींची मिळून पुन्हा द्यायची आहे. माझी बाटली, खोका आणि पावतीसकट, मी जपून ठेवली आहे.