स्थलांतराच्या अभ्यासासाठी जनगणनेचा 'डी' तक्ता: कोकणासाठी कितपत कामाचा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या स्थलांतरावर प्रबंध किंवा व्याख्यान तयार करताना पहिला आधार २०११च्या जनगणनेचा. तक्ते संकेतस्थळावर फुकट मिळतात. रत्नागिरीची लोकसंख्या २००१च्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. चाकरमानी मुंबईत आणि घर बायकांवर, हे एवढ्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं.

अडचण येते ती स्थलांतराच्या 'डी' मालिकेतल्या 'डी-३' या तक्त्यात. त्यात कारण आणि मुक्कामाचा काळ मिळतो, पण आधीचं ठिकाण 'राज्यातील इतर जिल्हे' एवढंच. त्यामुळे रत्नागिरीतून मुंबईला किती गेले, हे त्यातून काढता येत नाही. तसा आकडा कोणी सांगितला तर स्रोत जरूर विचारा. शिवाय कारणांत 'विवाह' लिहिलेली स्त्री पुढे काजू कारखान्यात राबते, ते झाकलंच जातं.

गणना ९ ते २८ फेब्रुवारीची, म्हणजे कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि खलाशी ट्रॉलरवर असतानाची. म्हणून मुक्कामाच्या काळातली 'एक वर्षाहून कमी' ही ओळ आधी वाचा, आणि जूनमध्ये, मासेमारीबंदीच्या काळात, बंदरावर व वाडीत स्वतंत्र पाहणी करा. विषमतेवर बोलायचं तर ही पाहणी टाळून चालणार नाही.