डोकुविकीवरचं ट्रान्सलेशन प्लगइन: कारखान्याच्या विकीवर तीन भाषा चालवल्यानंतर

रबाळे-महापे पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यात कामाच्या सूचना तीन भाषांत लागतात. ऑडिटरला इंग्रजी हवी, सुपरवायझर आणि जुने फिटर मराठी वाचतात, नव्या ऑपरेटरांपैकी बऱ्याच जणांना हिंदी सोयीची. त्यासाठी लॅनवरच्या (कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवरच्या) एका साध्या पीसीवर डोकुविकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच पानं लिहिता-बदलता येतील अशी साइट (विकी) चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्याला जोडायचं आंद्रेआस गोर यांचं ट्रान्सलेशन प्लगइन, ही जोडी कित्येक महिने रोज वापरात आहे. (डोकुविकीही गोर यांचाच, २००४ सालचा.) एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: हे प्लगइन भाषांतर करत नाही. एकाच पानाच्या निरनिराळ्या भाषांतल्या प्रती ते एकमेकींना जोडतं आणि भाषा बदलायचे दुवे दाखवतं, बस्स. लिहायचं माणसानेच.

बसवायला वेळ लागत नाही. डोकुविकीच्या एक्स्टेन्शन मॅनेजरमधून घ्यायचं आणि सेटिंगमध्ये भाषांचे दोन अक्षरी कोड मध्ये जागा सोडून लिहायचे. विकीच्या मुख्य सेटिंगमधली भाषा ही मूळ भाषा. तिची पानं मुळाशी राहतात. बाकी प्रत्येक भाषेची पानं तिच्या कोडाच्या नावाच्या नेमस्पेसमध्ये (पानांच्या फोल्डरमध्ये) जातात. अशा दोन अक्षरी नावाचं नेमस्पेस आधीपासून दुसऱ्याच कामाला असेल, तर प्लगइन ते भाषेचं समजतं. आधी तपासा.

खरा निर्णय मूळ भाषेचा, आणि तिथेच बहुतेक जण घाईने इंग्रजी निवडतात. जुनी भाषांतरं ओळखायची सोय या प्लगइनमध्ये आहे: मूळ पान नंतर बदललं असेल तर भाषांतरित पानावर सूचना येते आणि मुळात काय बदललं ते दाखवणारा दुवाही मिळतो. ही तपासणी एकाच दिशेने चालते, मूळ भाषेकडून इतरांकडे. सुपरवायझर मराठीत दुरुस्ती करतो आणि मूळ भाषा इंग्रजी ठेवली आहे, तर इंग्रजी आणि हिंदी पानं मुकाट शिळी होतात, कुणाला काही कळत नाही. म्हणून ज्या भाषेत बदल आधी लिहिला जातो तीच मूळ ठेवावी. आमच्या पट्ट्यात ती बहुधा मराठीच. नंतर बदलायचं ठरवलं तर सगळी पानं हलवावी लागतात.

शिवाय ही तपासणी फक्त वेळ बघते. हिंदी पानात नुसता स्वल्पविराम दुरुस्त करून सेव्ह केलं, की सूचना गायब, मूळ बदल उतरवलेला असो वा नसो. मराठीत शुद्धलेखन सुधारलं की उलट विनाकारण सूचना येते. त्यामुळे मूळ बदल उतरवल्याशिवाय भाषांतराला हात लावायचा नाही, हा नियम माणसांनाच पाळावा लागतो.

दाब, तापमान, तेलाचं प्रमाण असे आकडे तीन ठिकाणी लिहूच नयेत. ते एका सामायिक पानावर ठेवून इन्क्लूड प्लगइनने तिन्ही प्रतींत ओढावेत. त्या पानावरच्या तक्त्यात फक्त चिन्हं, एककं आणि आकडे. शब्द आले की त्यांचं भाषांतर आलंच. एवढं केल्यावर जुन्या आकड्याची भीती बरीचशी संपते.

पानांची नावं सगळ्या भाषांत एकच हवीत, नाहीतर जोडणीच होत नाही. ती रोमन लिपीत ठेवा आणि पहिलं शीर्षक पानाचं नाव म्हणून दाखवण्याचा पर्याय चालू करा. वाचणाऱ्याला मराठीच दिसेल. देवनागरी नावांची अडचण तांत्रिक आहे. मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या नावातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह, काना-मात्रा धरून, ९ अक्षरं खातं. फाइलच्या नावाची मर्यादा २५५, त्यात जुन्या आवृत्तीच्या फाइलला वेळेचा शिक्का आणि शेपटी मिळून आणखी १८ लागतात. उरतात सुमारे २६ चिन्हं. ‘हायड्रॉलिक प्रेस साप्ताहिक देखभाल’ यात मावत नाही. एन्कोडिंग (फाइलची नावं साठवायची पद्धत) बदलून हे टाळता येतं, पण ते पहिलं पान बनवण्याआधीच. नंतर बदललं तर जुनी पानं सापडत नाहीत. मशीनवर क्यूआर कोड चिकटवणार असाल तर लांब पत्त्याने तो इतका दाट होतो, की तेलकट स्टिकरवरून स्वस्त फोन वाचतच नाही.

सगळ्यात धोक्याची जागा परवानग्यांची. मुळाशी दरपत्रकाचं नेमस्पेस फक्त ऑफिसला उघडं ठेवलं, तरी त्याची इंग्रजी प्रत वेगळ्या नेमस्पेसमध्ये असते आणि तिला तो नियम लागत नाही. प्रत्येक भाषेसाठी नियम पुन्हा लिहा आणि लॉगआउट करून उघडून पाहा.

बाकी बारीकसारीक. मूळ पान कॉपी केलं की त्यातले नेमस्पेससह लिहिलेले दुवे वाचकाला परत मराठीत नेतात. टिंब-कोलनने सुरू होणारे सापेक्ष दुवे वापरले तर सुटतं. चित्रांचं नेमकं उलट: त्यांचा पत्ता कोलनने सुरू करून पूर्ण द्यायचा, म्हणजे तिन्ही भाषांना एकच फाइल पुरते. भाषेच्या नेमस्पेसमध्ये साइडबारचं पान बनवलं की तिथे आपोआप तेच लागतं. ब्राउझरची भाषा ओळखून सुरुवातीच्या पानावरून वळवण्याची सोय मात्र बंदच ठेवा. फोन इंग्रजीत ठेवणारे इतके आहेत, की मराठी वाचणारेही इंग्रजीवर जाऊन पडतात. शोध मुळात अख्खा शब्द जुळवतो, म्हणून ‘पाणी’ शोधून ‘पाण्याचा’ मिळत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा भाग लिहून पुढे तारांकन द्यावं.

मीडियाविकीचं (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचं) ट्रान्सलेट एक्स्टेन्शन परिच्छेदागणिक बदल पकडतं आणि कुठला तुकडा जुना झाला ते नेमकं दाखवतं. ते या प्लगइनपेक्षा निर्विवाद सरस आहे. पण त्यासाठी डेटाबेस लागतो, पानात खुणा पेराव्या लागतात आणि प्रत्येक बदल भाषांतरासाठी मंजूर करणारा माणूस लागतो. शे-दीडशे पानांच्या कारखान्याला ते परवडत नाही.

पानाचं नाव बदलायचं तर मूव्ह प्लगइनने तिन्ही प्रती एकाच बैठकीत हलवा. एक राहिली तरी तिच्या भाषेचा दुवा रिकाम्या पानावर जातो आणि पुढचा माणूस तिथे तेच पान नव्याने लिहायला बसतो.