दुहेरी काचेच्या आत धुकं: भोक पाडावं की काच बदलावी?

आधी थंडीतल्या एखाद्या सकाळी काच आतून पुसा, मग बाहेरून. धुकं गेलं तर खिडकी ठणठणीत आहे, ती घरातली वाफ होती. नाही गेलं, तर ओल दोन काचांच्या मधे शिरली आहे. दोन काचांमध्ये अंतर राखणारी कडेची पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे दाणे असतात. कडेचं सील फाटलं की ते हळूहळू भरून जातात. एप्रिल-मे महिन्यांत काच इतकी तापते की धुकं दिसतच नाही. आमच्या पश्चिमेच्या खिडकीचं असंच झालं: उन्हाळ्यात वाटलं बरी झाली, दिवाळीनंतर पुन्हा पांढरी. म्हणून उन्हाळ्यात पाहून निर्णय घेऊ नका.

पहिला उपाय भोकाचा. कोपऱ्यांत बारीक भोकं पाडून ओल वाळू द्यायची आणि मग भोकांवर हवा जाणारं छोटं झाकण बसवायचं. खर्च कमी. पण काच टफन (तापवून कडक केलेली) असेल तर ड्रिल लागताच तिचा चुरा होतो, म्हणून कोपऱ्यातला तसा ठसा आधी बघा. ठसा दिसला नाही तरी काचवाल्याकडून खात्री करून घ्या. आत लेप असलेली काच पाण्यानं, रसायनानं खराब होऊ शकते. फार दिवस ओल राहून पडलेले पांढरे डाग तर जातच नाहीत. आणि सील फाटलेलं ते फाटलेलंच. हा उपाय मी फक्त कोठीघराच्या साध्या काचेसाठी करीन, तोही मे महिन्यात, हवा कोरडी असताना. वॉरंटी शिल्लक असेल तर ड्रिल हातातही घेऊ नका.

राहत्या खोलीला काच बदलणंच बरं. चौकट तीच राहते. बीडिंग (काच चौकटीत धरून ठेवणारी पट्टी) काढून काचेची लांबी, रुंदी आणि एकूण जाडी मोजायची, उदाहरणार्थ ५-१२-५ (काच, मधली फट, काच) म्हणजे २२ मिमी, आणि तेवढीच सीलबंद जोडकाच मागवायची. बसवायला दोन माणसं हवीतच. ५ मिमीच्या दोन काचा मिळून दर चौरस मीटरला २५ किलो भरतात, म्हणजे चार बाय चार फुटांची काच ३७ किलोंच्या घरात. खाली प्लॅस्टिकचे तुकडे होते तिथेच परत ठेवा आणि चौकटीतली पाणी निघायची भोकं मोकळी करा. आमच्याकडे त्यांत माती आणि कापसाचे तंतू अडकले होते. पाणी साचून काचेची कड पावसाळाभर भिजत राहिली, सील त्यानंच गेलं असावं.

एकेरी काच लावून मोकळं व्हावं का? तिच्यातून उष्णता साधारण दुप्पट वेगानं आत येते. कूलर-एसी चालणाऱ्या खोलीत हा फरक जाणवतो. मात्र पश्चिमेचं थेट ऊन साधी दुहेरी काचही फारसं अडवत नाही. तिथे बाहेरून छज्जा किंवा बांबूची ताटी आधी लावा, नवी जोडकाच नंतर. कोणी क्वचितच बसतं अशा उत्तरेच्या खोलीला मी एकेरीच लावली.