‘काकू, तुम्हाला आम्ही काय सांगणार!’ : स्कीखरेदीतली फसवणूक

ऐंशी-नव्वदच्या दशकात गुलमर्गला स्कीइंग शिकलेले आणि आता नव्या घडणीच्या स्की घ्यायच्या विचारात असलेले जे कोणी मुंबईत आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. आपल्यासारख्या जुन्या लोकांनाच हेरून भंगारातला माल नवा म्हणून खपवण्याचा धंदा इथे चालू आहे. मी त्यात ५८,००० रुपये घालवले. पण रकमेपेक्षा मला जास्त राग आहे तो पाय मोडण्याची व्यवस्था करून दिल्याचा.

आपली पिढी लांब, सरळ स्कीवर तयार झाली. हात वर केला की मनगटाला टोक लागलं पाहिजे, एवढंच माप. नव्वदच्या दशकात दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेत बारीक अशा कार्व्हिंग स्की आल्या आणि ते माप निकालात निघालं. आता हनुवटी ते कपाळ एवढी लांबी पुरते. बघायची असते ती कमरेची रुंदी आणि वळणाची त्रिज्या. गुलमर्गच्या अफरवत डोंगरावरच्या भुसभुशीत बर्फात शंभर मिलिमीटरच्या आसपासची कंबर छान तरंगते, पण तीच रुंद स्की घट्ट बर्फावर कडेवर उभी करायला गुडघ्याला जास्त पीळ पडतो. माझा डावा गुडघा कुरकुरतो आणि मी बहुतेक वेळ दाबून घेतलेल्या उतारांवर असते, म्हणून १६० सेंटिमीटर लांबी आणि ८४ मिलिमीटर कंबर हे मी आधीच ठरवलं होतं.

गोरेगावच्या एका गाळ्यात नेमकी तशीच जोडी निघाली. युरोपातल्या दुकानाची डेमो जोडी, म्हणजे गिऱ्हाइकांना वापरून बघायला ठेवलेली, गेल्या सीझनची, जेमतेम वापरलेली, असं सांगितलं. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी यंत्रणा, बसवलेलं, वरचं चित्र चकचकीत, त्यावर मापं छापलेली. जोडी जाड प्लॅस्टिकमध्ये सीलबंद होती आणि सील फोडलं तर माल घ्यावाच लागेल अशी अट होती. कंबर मोजते म्हटलं, तर उत्तर आलं, “काकू, छापलंय की त्यावर. तुम्हाला आम्ही काय सांगणार, आमच्या जन्माआधीपासून तुम्ही बर्फात आहात!” बाइंडिंग माझ्या बुटांना चालेल का, विचारलं. पुन्हा तेच, “काकू, तुम्हाला आम्ही काय सांगणार!” ही स्तुती नव्हती, प्रश्न बंद करण्याची युक्ती होती. अनुभवी माणसाचा मान ठेवल्यासारखं करायचं आणि त्याच मानाखाली माल दडवायचा. बिल मागितलं तर “मागाहून व्हॉट्सॲपवर पाठवतो.” ते आजतागायत आलेलं नाही.

गुलमर्गला स्कीची दुरुस्ती करणाऱ्या एका जुन्या कारागिराने जोडी हातात घेतली आणि कडेपाशी नखाने उचकटलं. वरचं चित्र सोलून आलं! ते गाडीला चिकटवतात तसलं व्हिनाइल होतं. खाली ओरखडे आणि भाड्याने देणाऱ्या दुकानाचा बारकोड. कंबर भरली ७६. पोलादी कडा इतक्या वेळा घासलेल्या की पुढे धार लावायला धातूच उरला नव्हता, आणि कोंडलेल्या दमट हवेने त्यांच्यावर गंजही धरला होता. दोन्ही स्की तळाला तळ लावून धरल्या, तर मध्ये जी फट दिसायला हवी ती जवळजवळ नव्हती. म्हणजे स्कीतला ताण संपलेला.

इथवर फक्त पैशांचं नुकसान. बाइंडिंगचं प्रकरण गंभीर आहे. पुढचा आणि मागचा, दोन्ही भाग पट्टीवर सरकणारे होते आणि पट्टीवर बुटांच्या मापांचे आकडे होते. असं बाइंडिंग भाड्याच्या आणि डेमो स्कीवर असतं. ते बाइंडिंग जुन्या, सपाट तळव्याच्या बुटांसाठीचं होतं. माझे बूट ग्रिपवॉक तळव्याचे आहेत, रबरी आणि किंचित वक्र. त्यांना त्यासाठीचं बाइंडिंगच लागतं, नाहीतर पडताना बूट वेळेवर सुटेल याचा भरवसा नसतो. कारागिराने बूट अडकवून हाताने पिळून पाहिला. एका बाजूला सुटला, दुसऱ्या बाजूला सुटलाच नाही.

त्यात सुटण्याचा आकडा, म्हणजे डिन, आठवर लावून दिलेला. हा आकडा वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, स्की करण्याची पद्धत आणि वय यांवरून तक्त्यात काढतात. पन्नाशी गाठली की तक्त्यात एक ओळ वर सरकायचं, म्हणजे आकडा कमी होतो. माझा आकडा पाचाच्या आत येतो. “तुम्ही एक्स्पर्ट, तुम्हाला आठ हवा,” असं विक्रेता म्हणाला होता. अशा आकड्यावर पाय अडकून पिळला गेला, तर नडगीचं हाड जातं. आमच्या वयात ते जुळायला किती काळ लागतो, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

तेव्हा सील फोडू देत नसतील तर तिथून निघा. मोजपट्टी बरोबर न्या, वरच्या चित्राची कड नखाने तपासा, बाइंडिंगभोवती बुजवलेली जुनी भोकं आहेत का पाहा आणि आपले बूट सोबत घेऊन जा. नव्या स्की घेऊन बाइंडिंग मात्र जुनंच बसवून देतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. जुन्या मॉडेलांची जबाबदारी कंपन्या एका मुदतीनंतर घेत नाहीत.

मी परत येऊन विक्रेत्याला फोन केला, तर “वापरलेल्या मालाला गॅरंटी नसते” म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, त्याचे मेसेज, सोललेल्या व्हिनाइलचे फोटो आणि कारागिराची सहीची चिठ्ठी मी जोडली आहे. गोरेगावच्या अशा गाळ्यातून कोणी सीलबंद जोडी घेतली असेल, तर ती बर्फावर नेण्याआधी उघडून बघा आणि प्लॅस्टिक फेकू नका. त्या दिवशी तिथल्या रॅकवर तशाच आणखी जोड्या उभ्या होत्या.